हुतुतूचे नियम आणि खेळणाऱ्यांची वहिवाट

कबड्डीच्या नियमपुस्तकात एक लहानसे कलम आहे. खेळाडूने अंगास किंवा हातापायांस तेल अथवा तसाच कोणताही बुळबुळीत पदार्थ लावून मैदानात उतरू नये, असे ते कलम सांगते. नखे काढलेली असावीत, असेही पुस्तकात आहे. वाचणारा या ओळींवरून सहज पुढे जातो. आम्ही मात्र तेथे दरवेळी थांबतो. कारण मनाई होते ती घडून गेलेल्या गोष्टीची. जी गोष्ट कोणी कधी केलीच नाही, तिच्यावर बंदी घालण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तेव्हा ही ओळ म्हणजे बंदीची ओळ तर खरीच, पण ती एका जुन्या युक्तीची नोंदही आहे. कोणी तरी, केव्हा तरी, अंगास तेल चोपडून चढाईस गेला आणि पाच जणांच्या हातांतून मासळीसारखा निसटून मध्यरेषेस पोचला. त्याचे नाव पुस्तकात नाही. त्याने शोधलेली युक्ती मात्र, मनाईच्या रूपाने का होईना, तेथे कायमची बसली आहे.

आम्ही वाढलो तो रायगडचा किनारा. १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते आणि वडीलधारी माणसे पुढेही कित्येक वर्षे तेच नाव घेत. येथे नारळाचे तेल घराघरांत. भाताची झोडणी उरकली की खळी मोकळी होत, राखेने रेषा आखल्या जात आणि दिवेलागणीपर्यंत हुतुतू चाले. तेलाची युक्ती कोणी आम्हांस शिकवली, हे सांगता येणार नाही. ती हवेतच होती. पण तिच्यावरचे उत्तरही हवेतच होते. मिठागरावर काम करणाऱ्या घरांतली मुले पकडीस उभी राहण्यापूर्वी दोन्ही तळहात मातीत घोळून घेत. तेलास माती हे उत्तर. त्यावर चढाई करणारा हात टाळून कंबर वळवावयास शिके, पकडणारा मग घोट्यावर झेप घ्यावयास शिके. पंच म्हणून जो कोणी म्हातारा बसलेला असे, तो यात पडत नसे. खेळाने स्वतःच आपला तोल सांभाळलेला होता.

गेल्या शंभर वर्षांत हुतुतूची कबड्डी झाली. या प्रवासाचा इतिहास सांगताना संघ, स्पर्धा आणि पदके यांची यादी सांगण्याची पद्धत आहे. ती यादी आम्ही थोडक्यात देऊ. परंतु आम्हांस खरे सांगावयाचे आहे ते निराळे. नियम करणाऱ्यांच्या मनात नसलेल्या, पण खेळणाऱ्यांनी शोधलेल्या आणि प्रेमाने जपलेल्या ज्या युक्त्या खेळात रुजतात, त्यांचे पुढे काय होते? त्या काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा? आणि काढताना कोणास विचारावे लागते? आमचे आयुष्य कामगारांच्या वाटाघाटींत गेले; त्यामुळे खेळाकडेही आम्ही त्याच डोळ्यांनी पाहतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रथम यादी. या खेळाचे एकच एक रूप पूर्वी नव्हते. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार चालत. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी उठे. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसे. सारा संघ बाद होईपर्यंत त्यास उठणे नाही. अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदानातच राही आणि फक्त गुण मोजला जाई. १९१८ साली महाराष्ट्रात या खेळाचे नियम ठरविण्याचे काम झाले आणि १९२३ साली ते छापून निघाले. त्याच वर्षी बडोद्यास हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरविली. पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांस आणखी आकार दिला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० साली अखिल भारतीय महासंघ निघाला, १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंगला भारताने सुवर्णपदक मिळविले. बुवा साळवींसारख्या माणसांनी यासाठी जन्म वेचला. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

नियम एक करावयाचे तर तीन प्रकारांतून निवड करणे भागच होते. संजीवनी टिकली, अमर आणि गामिनी मागे पडल्या. याबद्दल आम्हांस तक्रार नाही. बडोद्याचा संघ एका नियमाने खेळणार आणि साताऱ्याचा दुसऱ्या, तर सामना व्हावयाचा कसा? एकत्र येण्यासाठी प्रत्येकाने काही सोडावे लागते. संघटना बांधणाऱ्यास हे कोणी सांगावयास नको.

आता दमाची गोष्ट. जुन्या हुतुतूत चढाई किती वेळ चालावी, हे घड्याळ ठरवीत नसे. मध्यरेषेवर दम धरावयाचा, ‘हुतुतू’ किंवा ‘कबड्डी’ म्हणत जावयाचे आणि दम आहे तोवर प्रतिपक्षाच्या अंगणात राहावयाचे. दम तुटला की बाद. नियम एवढाच. हा नियम करणाऱ्याच्या मनात काय असेल? बहुधा एवढेच, की चढाईस काही तरी शेवट हवा आणि तो प्रत्येकाने आपल्या छातीत घेऊन जावा. पण या एका नियमाच्या पोटातून केवढी विद्या निघाली! आमच्या खळ्यावर एक काटकुळा मुलगा होता. वडिलांबरोबर होडीवर जाणारा, पाण्यात सूर मारून खाली राहणारा. त्याच्या अंगात पकड सोडविण्याची ताकद मुळीच नव्हती. त्याने कोणास हिसडा देऊन मारल्याचे आम्हांस आठवत नाही. तो नुसता उभा राही. निदानरेषा ओलांडून, कोपऱ्यातल्या गड्याच्या हाताबाहेर वीतभर अंतर ठेवून, एका लयीत हुतुतू घुमवीत राही. पकडणारे ताटकळत. एकाचा पाय पुढे येई, दुसऱ्याची साखळी सुटे, आणि त्या क्षणी हा बोट लावून परते. ताकदीच्या खेळात तो दमाने जिंकत होता. अंगावर मांस नसलेल्या मुलास या खेळात जागा मिळाली ती या फटीतून.

निदानरेषा हीदेखील अशाच एका युक्तीवरची पाचर आहे, असे आम्हांस वाटते. आज पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते आणि चढाई करणाऱ्याने ती एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. रेषा नसती तर कोणीही मध्यरेषेजवळच घुटमळून, दम संपत आला की मागे फिरला असता. ही पाचर चांगली बसली. तिने दमाची विद्या मारली नाही. उलट दम घेऊन आत शिरावयास लावले. युक्ती बंद करणे आणि युक्तीस अवघड करणे यांत फार अंतर आहे.

दमाचे भांडणही होतेच. काही पठ्ठे दोन शब्दांच्या मध्ये चोरून श्वास घेत. पंचाने कान टवकारून ऐकावे, प्रतिपक्षाने ‘दम तुटला, दम तुटला’ म्हणून ओरडावे, गावकऱ्यांनी दोन तट करावे आणि एखादा अंतिम सामना तेथेच मोडावा, हे आम्ही पाहिले आहे. दमाचा न्याय पंचाच्या कानावर आणि त्या कानाचा न्याय गावाच्या भीडेवर. ज्यांनी घड्याळ आणले, त्यांच्याकडे कारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. आज चढाईस ३० सेकंद. कबड्डी म्हणत राहणे पुस्तकात अजून आहे, पण हजारो लोकांच्या गलक्यात आणि ध्वनिवर्धकाच्या कल्लोळात ते ऐकावयाचे कोणी? दिवा लागतो, भोंगा वाजतो, वाद मिटतो. ४० सेकंद दम टिकविणारी छाती आणि ३१ सेकंद टिकविणारी छाती यांत आता फरक उरला नाही. चोरी बंद करावयास गेले आणि चोरीबरोबर ठेवाही गेला.

याहून मोठी गोष्ट रिकाम्या चढाईची. गुण न घेता आणि न देता परत येणे, ही रिकामी चढाई. नियमात तिच्यासाठी काही लिहिलेले नव्हते. कोणी ती योजली नव्हती. परंतु सामन्यास ठरलेली वेळ आणि गुणांची मोजणी या दोन गोष्टी एकत्र आल्या, की रिकामी चढाई आपोआप जन्मास येते. समजा, एका संघाचे दोनच गडी उरले आहेत. ते बाद झाले तर लोण चढणार आणि प्रतिपक्षास दोन गुण अधिक मिळणार. विश्रांतीस चार मिनिटे आहेत. अशा वेळी शहाणा गडी काय करील? तो निदानरेषा ओलांडील, मागे येईल. समोरचा चढाईस आला की हे दोघे मागच्या रेषेस पाठ लावून उभे राहतील. पुन्हा तेच. प्रेक्षक ओरडोत, शिव्या देवोत. दोन माणसांनी सात माणसांस चार मिनिटे थोपवून धरणे ही गोष्ट ज्याने पाहिली आहे, त्यास ती कंटाळवाणी वाटणे शक्य नाही. संप चालू असताना फाटकावर उरलेली मूठभर माणसे आम्हांस अशीच दिसत.

परंतु येथे आम्हांस आपल्याच बाजूविरुद्ध साक्ष दिली पाहिजे. रिकामी चढाई दुबळ्याचे शस्त्र होती तशीच ती बलवानाची तटबंदीही होती. पहिल्या सत्रात आठ गुणांची आघाडी घेतलेला संघ दुसरे सारे सत्र रिकाम्या चढायांत घालवू शके, आणि मागे पडलेल्यास परतण्याचा मार्गच राहत नसे. अशा सामन्यात शेवटची दहा मिनिटे मैदानावर काहीच घडत नसे. लोक उठून चहास जात. एकच युक्ती; वापरणारा कोण यावर तिचे पुण्य-पाप ठरे. म्हणून ‘युक्ती जुनी आहे, लोकांस आवडते, तेव्हा तिला हात लावू नका’ असे सरसकट म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हे.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मॅटचे मैदान, पायांत बूट, ३० सेकंदांचे घड्याळ. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे तिसऱ्या चढाईचा: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घेतलाच पाहिजे, नाही तर चढाई करणारा बाद. बदल कशासाठी, हे उघड आहे. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माणसास कबड्डी पूर्वी कधी पाहिलेली नसेल; त्यास दर अर्ध्या मिनिटास काही तरी घडलेले दिसले पाहिजे. पैसा त्याच्यासाठी येतो. या पैशाचा खेळाडूंस लाभ झाला, हेही खरे. ज्यास पूर्वी एखाद्या बँकेच्या किंवा रेल्वेच्या संघातली नोकरी हेच परम भाग्य वाटे, त्याच्यावर आता लिलावात लाखांच्या बोली लागतात. कामगार चळवळीतल्या माणसाने वाढलेल्या मजुरीस नाक मुरडू नये.

आमचा प्रश्न दुसराच आहे. लीगचा नियम लीगपुरता राहत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत, गावोगावच्या मैदानांवर तो उतरतो. खारेपाटातल्या गावात होळीच्या सुमारास जी स्पर्धा भरते, तिला दूरचित्रवाणी नाही, जाहिरातदार नाही. प्रेक्षक म्हणून जे बसतात त्यांनी हा खेळ स्वतः खेळलेला असतो आणि रिकाम्या चढाईतला थरार त्यांस समजतो. तेथे तिसऱ्या चढाईचा नियम कोणाच्या सोयीसाठी आला? त्या मैदानावर खेळणाऱ्यांस कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कागद आला, पंचांनी वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून काटकुळ्या मुलाची विद्या बाद झाली.

विचारले असते तर काय झाले असते? याचे एक उत्तर दुसऱ्या खेळाच्या इतिहासात सापडते, आणि ते आम्हांस फार आवडते. अमेरिकेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली बास्केटबॉलचा खेळ रचला. त्याच्या १३ नियमांत एक असा, की चेंडू हाती असताना धावावयाचे नाही. जेथे झेलला तेथूनच तो फेकावयाचा. हेतू स्वच्छ होता: धावणे नाही म्हणजे धक्काबुक्की नाही. पण चहूकडून घेरल्या गेलेल्या खेळाडूने करावे काय? त्याने चेंडू जमिनीवर टाकला आणि पुन्हा उचलला. चेंडू हाती नसताना धावण्यास तर मनाई नव्हती! या फटीतून चेंडू आपटीत पळण्याची कला निघाली. नेस्मिथच्या मनात नसलेली गोष्ट त्या खेळाचा प्राण झाली. १९२७ साली नियम करणाऱ्या संयुक्त समितीने ठरविले, की चेंडू एकदाच आपटता येईल. म्हणजे ती कला जवळजवळ संपलीच. समितीने हा निर्णय घेतला तो प्रशिक्षकांस न विचारता. तेव्हा कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग ॲलन, जे स्वतः नेस्मिथच्या हाताखाली खेळले होते, त्यांनी देशभरच्या प्रशिक्षकांस एकत्र केले आणि त्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. नियम मागे घ्यावा लागला. आज जगातील कोणत्याही मैदानावर चेंडूचा तो ठेका ऐकू आला, की आम्हांस १९२७ ची ती संघटना आठवते. संघटना निघतात त्या मजुरीसाठी, अशी समजूत आहे. एका ठेक्यासाठीही संघटना निघाली आणि ती टिकली.

तरीही पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांत वरून उडी घेऊन चेंडू टोपलीत कोंबण्यास मनाई झालीच. ती मनाई १९७६ मध्ये उठली. नऊ वर्षे एका पिढीने तो आनंद गमावला. पिढी म्हणजे काय, तर महाविद्यालयातली चार वर्षे; एकेका खेळाडूची सारी उमेदच त्यात गेली.

हल्लीच्या यांत्रिक खेळांत ही गोष्ट आणखी उघडी दिसते. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो याने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. पडद्यावर शत्रूंची रांग मोठी असे तेव्हा यंत्रास सर्वांची चित्रे काढणे जड जाई आणि ती सावकाश सरकत. शत्रू मारले जात तसा यंत्राचा भार हलका होई आणि उरलेले झपाट्याने येत. हे योजलेले नव्हते. यंत्राच्या अशक्तपणातून आले. निशिकादोने ते राहू दिले, आणि त्या खेळाची सारी उत्कंठा तेथेच आहे. पुढे ‘क्वेक’ नावाच्या खेळांत तिरप्या उड्या मारीत गेल्यास चालण्याहून अधिक वेग मिळतो, असे खेळणाऱ्यांस आढळले. १९९९ मध्ये त्या मालिकेचा तिसरा खेळ तयार होत असता जॉन कार्मॅक याने ही फट बुजवून पाहिली. तसे करता साधे चालणेच बिघडते असे दिसून आल्यावर त्याने ती पूर्ववत ठेवली. हे दोघे शहाणे निघाले. पण सर्वांकडून हा शहाणपणा घडतोच असे नाही. आता खेळ विकत घेऊन घरी नेला तरी तो मालकाच्या हाती राहतो. रात्री दुरुस्ती येते, आणि महिनोन्महिने घासून कमावलेली एखादी युक्ती सकाळी नाहीशी झालेली असते. आमच्या घरातल्या मुलास असे एकदा रडकुंडीस आलेले पाहिले. प्रथम आम्हांस हसू आले. मग वाटले, यात हसण्यासारखे काय आहे? तेथे नियम करणारा, पंच आणि मालक असे तिन्ही एकच. खेळण्याचे वेळापत्रकच त्याचे. अशा ठिकाणी अर्ज कोणाकडे करावयाचा?

कारखान्यात निदान एक कायदा होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९अ आणि त्यास जोडलेली चौथी अनुसूची आम्ही कित्येक रात्री कंदिलाशी बसून वाचली. इंग्रजी नीट येत नसे, शब्द शब्द लावीत वाचली. त्या अनुसूचीत वेतन, कामाचे तास, पाळ्या अशा विषयांच्या जोडीने आठव्या क्रमांकावर रूढीने चालत आलेली सवलत काढून घेणे किंवा वहिवाट बदलणे हा विषय होता. असा बदल करावयाचा तर मालकाने २१ दिवसांची नोटीस दिली पाहिजे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद राहिली. या कलमाची थोरवी ध्यानात घ्या. जी सवलत कोणी दिलीच नव्हती, जी करारात नाही, केवळ व्यवहारातून आपोआप रुजली, तिच्यावरही कामगाराचा काही हक्क आहे, असे कायदा म्हणतो. हक्क पूर्ण नव्हे. बदल रोखता येईलच असे नाही. पण विचारावे तर लागेल.

खाडीकाठच्या एका कारखान्यात आम्ही हे कलम वापरले. तेथे एक मोठे सुकवणी-यंत्र होते आणि दोन घाण्यांच्या मध्ये ते निवावयास पंधरा-वीस मिनिटे लागत. त्या वेळात कामगार चहा पीत, पत्त्यांचा एक डाव टाकीत. कोणी ठरवून दिलेली ही सुटी नव्हती. यंत्राने दिलेली होती. पुढे मालकाने जोडीस दुसरे यंत्र बसविले. एक निवेपर्यंत दुसरे तापे. सुटी गेली. कागदावर काहीच गेले नव्हते. आम्ही नोटीस नाही म्हणून हरकत घेतली, पाच महिने बैठका झाल्या आणि शेवटी करारात दहा मिनिटांचा चहा लिहून मिळाला. विजय म्हणून आम्ही गुलाल उधळला. पण नंतर त्या खात्यातला एक जुना कामगार आम्हांस म्हणाला, “साहेब, दहा मिनिटं मिळाली खरी, पन आता भोंगा होतो. आधी डाव संपला की उठायचो.” आम्ही त्यास काही उत्तर देऊ शकलो नाही. फट बुजवून तिच्या जागी हक्क लिहून घेणे हे आमचे आयुष्यभराचे काम. त्यात काय हातचे जाते, हे त्याने सांगितले.

याच किनाऱ्यावर, अलिबाग तालुक्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. भाताचा एक दाणा न पिकविता लोकांनी सहा वर्षे काढली. कागद एकाचा आणि घाम दुसऱ्याचा असेल तेव्हा जमीन कोणाची, हा त्या लढ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. खेळाच्या मैदानाची तुलना त्या शेतांशी करणे कोणास अतिशयोक्ती वाटेल. उपासमारीच्या शेजारी खेळ ठेवू नये, हे आम्हांसही कळते. पण त्याच मातीतली माणसे संध्याकाळी त्याच खळ्यावर हुतुतू खेळत, आणि वहिवाट म्हणजे काय हे त्यांस दोन्ही ठिकाणी ठाऊक होते.

मग कोणती फट बुजवावी आणि कोणती राखावी? आम्ही वाटाघाटींत जो गज वापरला तोच येथे लावून पाहतो. पायांची कैची घालून चढाई करणाऱ्यास पाडणे आज नियमबाह्य आहे. ही युक्तीही खेळणाऱ्यांचीच, आणि टाळ्या घेणारी. पण तिने गुडघे मोडत. दुसऱ्याच्या शरीरावर जी युक्ती जगते, ती जुनी असो की लाडकी, गेलीच पाहिजे. त्यासाठी सभा भरविण्याचीही गरज नाही. तेलाचे प्रकरण मधले आहे. मातीवर त्यास माती हे उत्तर होते. मॅटवर माती नाही आणि सांडलेल्या तेलावरून घसरून दुसऱ्याच गड्याचा हात मोडेल. मैदान बदलले तेव्हा युक्तीही गेली, हे समजण्याजोगे आहे. परंतु दम आणि रिकामी चढाई यांनी कोणाचे हाड मोडत नव्हते. त्यांनी मोडत होती ती न खेळणाऱ्याची उत्सुकता. तेथे बदल करू नये असे नव्हे. आघाडीवरच्या संघाने सारे सत्र झोपी घालावे हे आम्हांसही पटत नाही. पण त्या बदलास निदानरेषेसारखी एखादी पाचर पुरली असती की नाही, दोनच गडी उरलेल्या संघास त्यातून वगळता आले असते की नाही, लीगचा नियम लीगपुरता आणि खळ्याचा नियम खळ्यापुरता ठेवता आला असता की नाही, हे प्रश्न ज्यांनी विचारावयाचे त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. पेणच्या, रोह्याच्या, अलिबागच्या खेळाडूंनी फॉग ॲलनसारखी सभा बोलाविली नाही, हा त्यांचाही दोष म्हणावा लागेल. आमचाही. आम्ही तेव्हा बोनसच्या तंट्यात होतो.

तथापि खेळणारी जात स्वस्थ बसणारी नव्हे. तिसऱ्या चढाईचा नियम आला आणि संघांनी त्याचेच हत्यार केले. पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या घालवावयाच्या आणि तिसरीस त्याच कामात तरबेज झालेला गडी पाठवावयाचा. उलट, पकडणाऱ्यांनी मागे सरून समोरच्यास दोन चढाया रिकाम्या काढावयास लावायच्या, म्हणजे तिसरीत त्याला आत यावेच लागते. रिकामी चढाई संपवावयास गेले, आणि ती दोन-दोनांच्या जोडीने ठरवून होऊ लागली.

दुसरे याहून गमतीचे. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड केली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. हा नियम दुबळ्या संघास हात देण्यासाठी आला. आता ज्यास आपल्या पकडीचा भरवसा आहे तो संघ तीनवरच राहणे पसंत करतो. चढाईस गेलेला गडी गुण घेण्याची घाई करीत नाही; कारण गुण घेतला तर बाहेर बसलेला साथीदार उठणार, संघ चारचा होणार आणि दोन गुणांची पकड हातची जाणार. माणूस उठवावयाचा नाही म्हणून गुण घ्यावयाचा नाही! संजीवनीचा नियम ज्यांनी निवडला, त्यांच्या स्वप्नातही हे आले नसेल.

गेल्या मोसमात खारेपाटातल्या एका मैदानावर आम्ही हे पाहिले. तीन गडी, दोन कोपऱ्यांत आणि एक मध्ये. चढाईस आलेला धिप्पाड, त्याची तिसरी चढाई. तिघांतला सर्वांत लहान होता तो उजव्या कोपऱ्यात, अंगाने अगदीच बारीक. त्याने घोट्यास मिठी घातली, बाकीचे दोघे वर पडले आणि फलकावर दोन गुण चढले. पुढच्या खेपेस तो चढाईस गेला, निदानरेषा ओलांडली, कोणास न शिवता हसत परत आला. आमच्या शेजारी बसलेले एक जुने पंच पुस्तक काढून पाने उलटू लागले. बराच वेळ उलटली. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि सामना पाहू लागले.